पिकअपचं डिझेल कुठून गळतंय हे शोधता शोधता सापडणारा माणूस : रॉबर्ट बॉश

भाजीची पिकअप रात्री मार्केट यार्डात लावली आणि सकाळी स्टार्टच होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. मेकॅनिक आला, त्याने हँडपंप मारला, पाण्याचे बुडबुडे निघावेत तशी पाईपमधली हवा काढली आणि गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ड्रायव्हर मंडळी याला गाडी 'एअर घेते' म्हणतात.

आता गंमत बघा. टाकीपासून पंपापर्यंतच्या पाईपला बारीक चीर असेल, तर डिझेल बाहेर येईलच असं नाही. इंजिन चालू असताना पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे त्या चिरेतून उलट हवा आत शिरते. गाडीखाली एक थेंब दिसत नाही, तरी गळती असतेच. गाडी बंद झाली की पाईपमधलं डिझेल मागे टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंपाच्या वाट्याला नुसती हवा येते.

डिझेल इंजिनमध्ये एवढीशी हवा एवढा घोळ का घालते? याचं उत्तर पंपात आहे. आणि हा पंप हजारांच्या संख्येने, एकसारखा बनवून ट्रकपर्यंत पोहोचवला तो रॉबर्ट बॉश या जर्मन माणसाने.

बारा भावंडांतला अकरावा

रॉबर्ट बॉशचा जन्म 23 सप्टेंबर 1861 चा, जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या आल्बेक गावातला. घरची शेती होती आणि वाटसरूंसाठी खाणावळ होती. बारा भावंडांत हा अकरावा. शाळा संपल्यावर उल्ममध्येच एका कारागिराकडे बारीक यंत्रकामाची उमेदवारी केली. तिथे शिकवण्याकडे मालकाचं फारसं लक्ष नव्हतं. पुढे स्वतःच्या कारखान्यात शिकाऊ मुलांसाठी वेगळा विभाग काढण्यामागे हा अनुभव होता असं मानलं जातं.

1884 मध्ये तो अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या कारखान्यातही काम केलं. मग इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे काही काळ काढला आणि परत आला. 15 नोव्हेंबर 1886 रोजी स्टुटगार्टमध्ये त्याने स्वतःचं वर्कशॉप उघडलं. स्टाफ किती? एक कारागीर आणि एक वरकामाचा पोरगा. बस्स.

पहिली काही वर्षं हातातोंडाची गाठ पडणं अवघड होतं. टेलिफोन बसव, विजेच्या घंटा दुरुस्त कर, मिळेल ते काम घ्यायचं. गिऱ्हाइकांकडे जायला सायकल होती. कर्ज झालं, माणसं कमी करावी लागली.

ठिणगीने नशीब उघडलं

1887 मध्ये एका गिऱ्हाइकाने इंजिनासाठी मॅग्नेटो मागितला. मॅग्नेटो म्हणजे पेट्रोल किंवा गॅसवरच्या इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र. बॉशने बाजारात असलेलं यंत्र पाहिलं आणि सुधारून बनवलं. 1897 मध्ये त्याच्या लोकांनी तो मॅग्नेटो वेगाने फिरणाऱ्या गाडीच्या इंजिनावर चालवून दाखवला. 1902 मध्ये त्याचा इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड याने जास्त व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग तयार केला. यानंतर बॉशचा माल जगभर जाऊ लागला.

पैसा आला तसं कामगारांकडेही पाहिलं. 1906 मध्ये त्याने आठ तासांचा कामाचा दिवस सुरू केला. त्या काळी ही मोठी गोष्ट होती. यात व्यवहारही होता. आठ तासांच्या दोन पाळ्या लागल्या की मशीन सोळा तास चालतं. उधळपट्टीचा मात्र त्याला भयंकर राग. कारखान्यात जमिनीवर पडलेली कागदाची पिन उचलून, हे माझे पैसे पडलेत असं सुनावल्याचा किस्सा त्याच्याबद्दल कायम सांगितला जातो. गळती मग ती पिनेची का असेना, त्याला सहन होत नसे.

सगळं हातातून निसटलं तेव्हा

पहिल्या महायुद्धाने बॉशचा परदेशातला धंदा मोडला. अमेरिकेतली मालमत्ता तिथल्या सरकारने जप्त केली. 1921 मध्ये एकुलता एक मुलगा दीर्घ आजाराने गेला. साठीला आलेल्या माणसापुढे प्रश्न होता, की पुढे काय? कंपनी अजूनही मोटारीच्या विजेच्या सामानावर उभी होती. आणि डिझेल इंजिनाला तर ठिणगी लागतच नाही. डिझेलचे ट्रक वाढले तर मॅग्नेटो विकत कोण घेणार?

1922 च्या अखेरीस बॉशने निर्णय घेतला, की डिझेलसाठी पंप बनवायचा. आपल्याच मालाची गरज नसलेल्या इंजिनासाठी!

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्येच चाललं होतं. पण त्यात डिझेल आत उडवायला दाबाखालची हवा वापरावी लागे आणि त्यासाठी जड कॉम्प्रेसर लागे. कारखान्यात आणि जहाजावर ते ठीक होतं, ट्रकवर कुठे बसवणार? हवेशिवाय, नुसत्या दाबाने डिझेल आत उडवायचं तर दाब शंभर बारच्या वर हवा. दर फेरीला काही थेंबच, तेही ठरलेल्या क्षणी आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच.

गळू न देणारी फट

इथे खरी अडचण होती गळतीची. पंपातला दट्ट्या सिलिंडरमध्ये वरखाली होतो. एवढ्या दाबाला रबराचं सील टिकत नाही. मग दट्ट्या आणि सिलिंडर यांनाच इतकं नेमकं घासायचं, की दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची राहील. माणसाच्या केसाच्या विसाव्या भागाहूनही कमी. फट वाढली तर दाब पडतो, अजिबात नसेल तर दट्ट्या अडकतो. आपल्याकडे पंप दुरुस्त करणारे या जोडीला 'एलिमेंट' म्हणतात आणि एका जोडीचा दट्ट्या दुसरीत घालत नाहीत, त्याचं कारण हेच.

कित्येक नमुने बनले, मोडीत निघाले. मॅग्नेटोमुळे बारीक कामात हात बसलेले कारागीर बॉशकडे होते, ते इथे उपयोगी पडले. 1927 च्या नोव्हेंबरअखेर पहिले पंप कारखान्यातून बाहेर पडले. 1934 पर्यंत आकडा एक लाखावर गेला. 1936 मध्ये डिझेलची मर्सिडीज कारही बाजारात आली.

आता सुरुवातीचं कोडं सुटतं. डिझेल दाबलं की फारसं आकसत नाही, म्हणून दाब लगेच तयार होतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबते. पंपात हवा शिरली की दट्ट्याची सगळी मेहनत ती हवा दाबण्यात जाते आणि नोझल उघडतच नाही.

म्हणूनच चांगला मेकॅनिक गळती टप्प्याटप्प्याने शोधतो :

- आधी इंजिन धुऊन कोरडं करतो, कारण जुन्या ओलीत नवी ओल दिसत नाही.
- टाकी ते पंप या भागात थोडा वेळ पारदर्शक पाईप लावतो. बुडबुडे दिसले तर चूक त्याच्या मागे, म्हणजे टाकीकडे.
- फिल्टरचं सील आणि बोल्टखालचे तांब्याचे वॉशर तपासतो.
- रिटर्न पाईप बघतो. नोझलमधून थोडं डिझेल परत येणं ठरलेलंच असतं. एकाच नोझलमधून फार येत असेल तर ते झिजलंय.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. चालू इंजिनाच्या जास्त दाबाच्या पाईपवर बोट फिरवून गळती शोधू नका. आजच्या कॉमन रेल गाड्यांत दाब हजार बारच्या कितीतरी वर असतो. ती बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने हॉस्पिटल गाठावं लागतं, नाहीतर बोट किंवा हात गमवायची वेळ येते.

शेवटची वर्षं

नाझी राजवट बॉशला पटत नव्हती. त्याच्या कंपनीतल्या वरिष्ठांनी ज्यूंना मदत केली आणि हिटलरविरोधी गटाशी संबंध ठेवले. पण त्याच कंपनीने लष्कराला माल पुरवला आणि युद्धात सक्तीने आणलेल्या मजुरांकडून कामही करून घेतलं. या दोन्ही गोष्टी त्याच्या नावावर आहेत. 1940 मध्ये त्याच्या पैशातून स्टुटगार्टमध्ये हॉस्पिटल उभं राहिलं आणि 12 मार्च 1942 रोजी तो गेला. पुढे 1964 मध्ये कंपनीचे बहुतांश शेअर धर्मादाय संस्थेकडे आले. आजही नफ्यातला वाटा शिक्षण, आरोग्य अशा कामांना जातो.

1951 मध्ये भारतात 'मायको' नावाने बॉशचा कारखाना सुरू झाला, आधी बंगळुरूला आणि नंतर नाशिकच्या सातपूरला. नाशिककर आजही मायको सर्कलला वळसा घालून जातात. नाव झालं चौकाचं, पण त्यामागे आहे दोन-तीन मायक्रॉनची ती फट, आणि ती नेमकी साधायला साठीत नव्याने सुरुवात केलेला एक माणूस.