शिरोड्याचा टाका : डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर

गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत नीट वाढावा आणि कळा न येताच गर्भाशयाचे मुख उघडून तो गमवावा लागावा, हे दुःख काही स्त्रियांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गरोदरपणात त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. तो ज्यांनी दिला, ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गोव्यातील शिरोडा गावचे.

त्यांचा जन्म १८९९ सालचा. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राजवट होती. घाट ओलांडून मुंबई इलाख्यातील हुबळी येथे त्यांचे शालेय शिक्षण झाले आणि तेथून ते मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात गेले. १९२३ साली ते डॉक्टर झाले, १९२७ साली त्यांनी प्रसूतिशास्त्रात एम.डी. केले आणि १९३१ साली इंग्लंडची एफ.आर.सी.एस. मिळवली. पुढे ग्रँटमध्येच त्यांनी प्राध्यापक म्हणून अध्यापन केले.

१९५५ साली त्यांनी आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. रुग्णाच्याच मांडीतील चिवट पापुद्र्याची पट्टी काढून ती गर्भाशयमुखाभोवती, आतील तोंडाच्या पातळीवर, बांधायची, अशी ती पद्धत होती. कल्पना साधी असली तरी हाताची कसोटी पाहणारी होती. पुढील त्वचेला छेद देऊन मूत्राशय हलकेच वर सारावा लागतो. सुई खोल गेली तर गर्भाचे आवरण फुटते, गाठ सैल राहिली तर टाका व्यर्थ जातो.

शल्यकर्म शिकू लागलेल्या निवासी डॉक्टरला जे प्रथम शिकावे लागते, तेच येथे पणाला लागते : ऊतींचे थर ओळखून ते अलगद वेगळे करणे, सुईची दिशा सांभाळणे, गाठीचा ताण जोखणे. ही विद्या पुस्तकातून पुरती येत नाही. आधी कापडावर वा नमुन्यावर सराव करून आणि मग ज्येष्ठांच्या हाताशी उभे राहूनच ती अंगवळणी पडते.

म्हणूनच १९५७ साली ऑस्ट्रेलियातील मॅकडोनाल्ड यांनी मूत्राशय न हलवता बटव्याच्या नाडीसारखा घालायचा सोपा टाका सुचवला, तेव्हा तो झपाट्याने पसरला. नव्या हातांना तो लवकर साधतो. शिरोडकरांचा टाका मात्र मागे पडला नाही. गर्भाशयमुख आखूड असेल किंवा सोपा टाका निष्फळ ठरला असेल, तर आजही अनेक तज्ज्ञ त्याचाच आधार घेतात.

भारत सरकारने त्यांना १९६० साली पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण देऊन गौरवले. त्याच १९७१ साली त्यांचे निधन झाले. जगभरच्या प्रसूतिगृहांत नवशिके डॉक्टर या टाक्याचे नाव शिकतात, तेव्हा फोंडा तालुक्यातील एका गावाचे नाव नकळत उच्चारतात.