शाळेतला जादूगार

मित्रमैत्रिणींनो, वर्गाच्या हस्तलिखिताचं मुखपृष्ठ मी रंगवायचे, आठवतं? पुढे सॉफ्टवेअरमध्ये रमले, पण मुखपृष्ठं बघायचा नाद सुटला नाही. त्यातूनच ॲल्विन लस्टिग भेटला.

जन्म १९१५, अमेरिकेतलं डेन्व्हर. शाळेत तो जादूचे प्रयोग करायचा आणि त्यांची पोस्टरंही स्वतःच बनवायचा. एका शिक्षकामुळे आधुनिक चित्रकलेशी ओळख झाली. जादू मागे पडली, पोस्टरं राहिली. पुढे 'न्यू डायरेक्शन्स' प्रकाशनाच्या पुस्तकांना त्याने मुखपृष्ठं केली. त्यांत कथेतला प्रसंग नसे. मोजके आकार, रंग आणि अक्षरं यांतून पुस्तकाचा भाव उतरे. १९४४ ते १९४६ तो 'लुक' मासिकात होता.

मधुमेहाने १९५४पर्यंत त्याची दृष्टी गेली. काम मात्र थांबलं नाही. 'इंडस्ट्रियल डिझाइन' या नव्या मासिकाची मांडणी त्याने मनात रचली. तो तोंडी सांगे. पत्नी एलेन आणि मदतनीस ती कागदावर उतरवत. रंग सांगताना तो पूर्वी पाहिलेल्या एखाद्या वस्तूची आठवण देई. १९५५मध्ये, अवघ्या ४०व्या वर्षी तो गेला. एलेन पुढे स्वतःच्या नावाने नामवंत डिझायनर झाली.

गेल्या वर्षी मधुमेहामुळेच माझ्या डाव्या डोळ्याला लेसर करावं लागलं. दवाखान्यात पट्टी बांधून बसले असताना सारखा लस्टिग आठवत होता. आणि चित्रकलेच्या बाई, तुम्हीही. स्मरणचित्राच्या तासाला मी फार कुरकुर करायचे. आता रोज रात्री डोळे मिटून एक चित्र मनात काढते.