गुलामाचा नातू डॉ. पर्सी ज्युलियन

औषधाच्या दुकानात हायड्रोकॉर्टिसोनचे मलम मागितले की दुकानदार फळीवरची एक छोटी नळी काढून पुढे ठेवतो. अंगावर चट्टा उठला, खाज सुटली की आमच्या वस्तीतली माणसेही हे मलम लावतात. ही औषधे एकेकाळी सोन्याहून महाग होती. ती स्वस्त करण्यात ज्यांच्या मेंदूचा वाटा आहे त्यांत एक काळा माणूस होता आणि त्याचे आजोबा गुलाम होते, ही गोष्ट मात्र नळीवर छापलेली नसते. ती आम्हाला शाळेत शिकवली गेली नाही. आमच्या मुलांनाही शिकवली जात नाही. म्हणून आज आम्ही डॉ. पर्सी लॅव्हन ज्युलियन यांच्याविषयी लिहीत आहोत.

आमच्या चळवळीचे काळ्यांच्या लढ्याशी नाते जुने आहे. बाबासाहेबांनी 1946 मध्ये डॉ. डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. काळ्यांचे साहित्य आम्ही वाचले, त्यांचे पुढारी आम्हाला पाठ आहेत. पण त्यांचे शास्त्रज्ञ? कोणत्याही सभेत विचारून पाहा. एक-दोन हात वर होतील, फार तर. ही आमची स्वतःची उणीव आहे आणि ती मनुवाद्यांच्या माथी मारता येणार नाही.

ज्युलियन यांचा जन्म 11 एप्रिल 1899 रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात झाला. वडील रेल्वेच्या टपाल खात्यात कारकून, आई शिक्षिका. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. गुलामाने लिहिणे-वाचणे शिकणे हा दक्षिणेतल्या राज्यांत गुन्हा होता. तो गुन्हा आजोबांनी केला म्हणून त्यांच्या हाताची दोन बोटे छाटली गेली होती. नातू शिकायला निघाला तेव्हा फलाटावर निरोप देताना हाच हात हलत होता, अशी आठवण ज्युलियन पुढे सांगत. एकलव्याचा अंगठा ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की एकलव्याची कथा गुरुभक्तीचा धडा म्हणून सांगितली जाते. ज्युलियनांच्या घरात त्या छाटलेल्या बोटांना कोणी भक्ती म्हटले नाही. त्या घरातली सहाही मुले पुढे महाविद्यालयात शिकली.

माँटगोमेरीत आठवीनंतर काळ्या मुलांसाठी सरकारी माध्यमिक शाळाच नव्हती. 1916 मध्ये ज्युलियन इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल गावी, डीपॉ विद्यापीठात पोचले. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला होता. दोघांची भेट झाली नाही. दोघेही शिकायला आले होते, आणि आपल्याच देशात त्यांना माणूस म्हणून मोजले जात नव्हते.

डीपॉने प्रवेश दिला, पण वसतिगृहात जागा दिली नाही. गावात काळ्या माणसाला जेवण देणारी खाणावळ शोधण्यात पहिला अख्खा दिवस गेला. शेवटी गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका निवासात ज्युलियनना काम मिळाले. त्यांची ताटे वाढायची, भट्टीत कोळसा घालायचा आणि रात्री माळ्यावर झोपायचे. शिवाय माध्यमिक शिक्षण अपुरे होते, म्हणून महाविद्यालयाच्या तासांबरोबरच शाळेचे विषयही भरून काढावे लागत. असा हा विद्यार्थी 1920 मध्ये वर्गात पहिला आला.

पहिला आलेल्या विद्यार्थ्याचे काय होते? त्याच्या खालच्या क्रमांकाचे गोरे विद्यार्थी मोठ्या विद्यापीठांत पुढच्या शिक्षणाला गेले. ज्युलियन वाट पाहत राहिले. त्यांचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ब्लँचर्ड यांनी ठिकठिकाणी पत्रे लिहिली होती. उत्तरे आली ती बहुतेक एकाच सुराची. मुलगा हुशार आहे खरा, पण एवढे शिकून त्याला नोकरी कोण देणार? काळ्यांच्या कॉलेजात शिकवायला पाठवा, तेवढे शिक्षण त्याला पुष्कळ आहे. आमच्याकडे गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा. गुणवत्ता सिद्ध झाली की दार उघडते म्हणतात. इथे ती सिद्ध झाली होती, निकालपत्रावर लिहिलेली होती, आणि दार बंदच राहिले.

ज्युलियन यांनी फिस्क येथे दोन वर्षे शिकवले. नंतर शिष्यवृत्ती मिळवून हार्वर्डला गेले आणि 1923 मध्ये तिथली पदव्युत्तर पदवी घेतली. डॉक्टरेट मात्र तिथे होऊ शकली नाही. पुढे शिकायचे तर अध्यापन-साहाय्यकाचे काम लागते, आणि काळ्या माणसाकडून शिकणे गोऱ्या मुलांना रुचणार नाही म्हणून ते काम त्यांना नाकारले गेले. संशोधक विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अडवली की काय होते, हे 17 जानेवारी 2016 नंतर आम्हाला कोणी सांगायला नको.

1929 मध्ये शिष्यवृत्तीवर ते व्हिएन्नाला गेले आणि अर्न्स्ट श्पेट यांच्या प्रयोगशाळेत 1931 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तिथे ते सहकाऱ्यांच्या घरी जेवले, पोहायला गेले, संगीत ऐकायला गेले. वयाची तिशी गाठल्यावर पहिल्यांदा रंगाचा विचार न करता दिवस काढता आला. (व्हिएन्ना काही स्वर्ग नव्हता. त्याच शहरात 1938 नंतर ज्यूंचे काय झाले ते जगाने पाहिले.) परतताना त्यांनी योसेफ पिकल हा मित्र-सहकारी बरोबर आणला. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात दोघे रुजू झाले. तिथे अंतर्गत राजकारण आणि खासगी पत्रे वर्तमानपत्रात छापून आल्याचे प्रकरण यांत 1932 मध्ये ज्युलियन यांना राजीनामा द्यावा लागला. सगळा दोष इतरांचा होता असे आम्ही म्हणणार नाही. आम्हाला माणूस हवा आहे, देव्हाऱ्यातली मूर्ती नको.

ब्लँचर्ड सरांनी त्यांना पुन्हा डीपॉत बोलावले, तेही कायम प्राध्यापक म्हणून नव्हे तर संशोधक म्हणून. तिथेच ते काम झाले ज्याने त्यांचे नाव जगाला कळले.

पश्चिम आफ्रिकेत कॅलाबार भागात एक विषारी बी मिळते. तिथे आरोपीला ती खायला घालून दिव्य करण्याची रीत होती; जगला तर निर्दोष. या बीमधून फायसोस्टिग्मीन नावाचे द्रव्य निघते. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कायमची जाते. हे द्रव्य बाहुली आकसवते, डोळ्यातल्या पाण्याला वाट करून देते आणि दाब उतरवते. पण ते बीमधून थोडे थोडे काढावे लागे. प्रयोगशाळेत ते अथपासून इतिपर्यंत घडवणे कोणाला जमले नव्हते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन त्या मागे होते. रॉबिन्सन म्हणजे त्या काळच्या सेंद्रिय रसायनशास्त्रातले सर्वात वजनदार नाव. त्यांना पुढे 1947 मध्ये नोबेल मिळाले. शेवटच्या पायरीआधीचे एक संयुग आपण बनवले आहे, असे त्यांनी प्रसिद्ध केले.

ज्युलियन आणि पिकल यांनीही तेच संयुग बनवले. पण त्याचे गुणधर्म रॉबिन्सन यांच्या पदार्थाशी जुळेनात. म्हणजे दोघांपैकी एक चूक होता. एका बाजूला ऑक्सफर्ड, दुसऱ्या बाजूला छोट्या गावच्या विद्यापीठातला, कायम नोकरी नसलेला काळा संशोधक. ज्युलियन यांनी छापून टाकले की रॉबिन्सन यांचे संयुग ते नव्हेच. आता माघार नव्हती. खुद्द त्यांच्या हार्वर्डच्या गुरूंनी तार करून बजावले की तुझे चुकले तर तुझे भविष्य अंधारात जाईल. मग शेवटची पायरी पार केली आणि परीक्षा घेतली. बीमधून काढलेले फायसोस्टिग्मीन आणि त्यांनी घडवलेले, दोन्ही शेजारी शेजारी तापवले. पदार्थ एकच असेल तर दोन्ही एकाच तापमानाला वितळले पाहिजेत. ते तसेच वितळले. 1935 साली ज्युलियन बरोबर ठरले. आज काचबिंदूवर नवी औषधे आली आहेत. फायसोस्टिग्मीन मुख्यतः धोतऱ्यासारख्या विषबाधेवर उतारा म्हणून ओळखले जाते.

ऑक्सफर्डला चूक ठरवणाऱ्या माणसाला डीपॉने प्राध्यापक केले का? नाही. विभागाने शिफारस केली, विश्वस्तांनी फेटाळली. ड्यूपाँट कंपनीने पिकलला नोकरी दिली, ज्युलियनना दिली नाही. विस्कॉन्सिनमधील अॅपलटन गावची एक संस्था त्यांना घ्यायला तयार होती, पण काळ्या माणसाने त्या गावात रात्र काढू नये असा तिथला जुना नियम निघाला. डॉक्टरेट घेऊनही मुक्काम नाही! बडोद्यात 1917 मध्ये पारशी खानावळीतून बाबासाहेबांना बाहेर काढले गेले, त्याची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही.

अखेर 1936 मध्ये ग्लिडन या रंग बनवणाऱ्या कंपनीने त्यांना शिकागोतील सोयाबीन संशोधनाचा प्रमुख नेमले. सोयाच्या प्रथिनापासून त्यांनी कागदावर लावायचा लेप केला. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवरच्या आगी विझवायला जो फेस वापरला गेला, तोही त्याच प्रथिनावर आधारलेला. मग 1940 मध्ये एक अपघात झाला. सोयाबीन तेलाच्या एक लाख गॅलनच्या टाकीत पाणी शिरले आणि तळाशी पांढरा गाळ साचला. कारखान्याच्या हिशेबात ते नुकसान होते. ज्युलियन यांनी ओळखले की हा स्टेरॉल आहे, म्हणजे ज्यापासून माणसाच्या शरीरातली संप्रेरके घडवता येतात तो कच्चा माल. प्राण्यांच्या अवयवांतून चिमूटभर मिळणारे प्रोजेस्टेरॉन आता सोयाबीनपासून मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. गर्भपात टाळण्यासाठी डॉक्टर तेव्हा ते देत.

1949 मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दाखवले की कॉर्टिसोन दिल्यावर आमवाताने अंथरुणाला खिळलेले रोगी उठून चालू लागतात. पण ते बैलाच्या पित्तापासून तीसहून अधिक टप्प्यांनी बनत होते आणि किंमत आवाक्याबाहेर होती. त्याच वर्षी ज्युलियन यांनी कंपाउंड एस हे जवळचे द्रव्य बनवण्याची सोपी पद्धत काढली. कॉर्टिसोनमध्ये आणि त्यात मुख्य फरक एका ऑक्सिजन अणूचा. तो अणू योग्य जागी बसवण्याचे काम पुढे इतर कंपन्यांनी बुरशीकडून करून घेतले आणि कंपाउंड एसपासून हायड्रोकॉर्टिसोन तयार होऊ लागले. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. कॉर्टिसोनचा शोध ज्युलियन यांनी लावला असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. त्या शोधाचे 1950 चे नोबेल केंडाल, राइखस्टाइन आणि हेंच यांना मिळाले आणि ते त्यांचेच होते. आपल्या माणसाचे मोठेपण वाढवून सांगितले की विरोधक त्या एका चुकीला धरून उरलेलेही खोटे ठरवतात. ज्युलियन यांनी जे केले तेवढे पुरेसे मोठे आहे.

1950 मध्ये शिकागोच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने त्यांना वर्षाचा मानकरी नागरिक म्हणून निवडले. त्याच वर्षी त्यांनी शहराला लागून असलेल्या ओक पार्क या गोऱ्या वस्तीत घर घेतले. राहायला जाण्यापूर्वीच, नोव्हेंबरमध्ये, त्या घराला आग लावण्याचा प्रयत्न झाला. कुटुंब तरीही राहायला गेले. जून 1951 मध्ये घरावर डायनामाइट फेकले गेले. तेव्हा आईवडील बाहेरगावी होते आणि दोन्ही मुले घरात होती. मुले वाचली. त्यानंतर ज्युलियन रात्री बंदूक घेऊन अंगणात पहाऱ्याला बसत आणि लहान मुलगा सोबतीला असे. हा मुलगा पुढे नागरी हक्कांचा वकील झाला. पत्नी ॲना यांनी 1937 मध्ये समाजशास्त्रात डॉक्टरेट घेतली होती. काळ्या स्त्रियांत त्या विषयातली ती पहिली. घर सोडून जाण्याचा सल्ला देणारे पुष्कळ होते. ते कुटुंब गेले नाही.

1953 नंतर ज्युलियन यांनी स्वतःची कंपनी काढली. तिथे काळ्या रसायनतज्ज्ञांना आणि स्त्रियांना नोकऱ्या मिळाल्या, ज्या इतरत्र मिळत नव्हत्या. कच्चा माल म्हणून मेक्सिकोतले रानकंद हवे होते. तिथला परवाना मिळू न देण्यात बड्या कंपनीचा हात असल्याचे त्यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे मांडले, आणि शेवटी कंद ग्वाटेमालातून आणले. एका द्रव्याचे उत्पादन सुधारित पद्धतीने चौपट झाले तेव्हा त्यांनी किलोचा भाव सुमारे 4000 डॉलरवरून 400 डॉलरवर आणला. भाव तोच ठेवला असता तर त्यांना कोणी अडवणारे नव्हते. औषधाच्या किमतीत आमच्या किती घरांचे मंगळसूत्र गहाण पडते हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्यासाठी आम्ही हा आकडा मुद्दाम दिला आहे.

1961 मध्ये त्यांनी कंपनी 23 लाख डॉलरना विकली आणि पुढे छोटी संशोधन संस्था काढून काम चालू ठेवले. काळ्यांच्या कायदेशीर लढ्यासाठी निधी गोळा करण्यात ते पुढे असत. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले ते 1973 मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. 19 एप्रिल 1975 रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. 1993 मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. डीपॉतल्या विज्ञान आणि गणिताच्या इमारतीला त्यांचे नाव आहे. ओक पार्कमधल्या एका शाळेलाही आहे, आणि सहावी ते आठवीची मुले तिथे शिकतात.