शहर उभे करणारी चित्रे

मुलांनो, तुम्ही तुमच्या गल्लीचे चित्र कधी काढले आहे का? समोरच्या घराला किती खिडक्या आहेत, हे न पाहता सांगता येईल का? आपण रोज पाहतो, पण नीट लक्ष देत नाही. नीट लक्ष देणाऱ्या एका चित्रकाराची ही गोष्ट आहे.

त्याचे नाव बर्नार्दो बेलोत्तो. त्याचा जन्म १७२१ च्या सुमारास इटलीतील व्हेनिस शहरात झाला. त्याचा मामा कानालेत्तो हा शहरांची चित्रे काढणारा नामवंत चित्रकार होता. मामाच्या हाताखालीच बर्नार्दो ही कला शिकला. घरांची उंची, रस्त्यांची रुंदी, भिंतींवरची सावली हे सारे तो बारकाईने रंगवी. त्यासाठी तो भिंग बसवलेली एक पेटी वापरत असे, असे मानतात. त्या पेटीत समोरच्या दृश्याचे प्रतिबिंब पडते.

१७४७ साली तो जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी गेला. तेथे त्याला दरबारी चित्रकाराचा मान मिळाला. पण पुढे युद्ध पेटले. १७६० साली प्रशियाच्या सैन्याने ड्रेस्डेनवर तोफा डागल्या. त्यात बर्नार्दोचे घर नष्ट झाले. त्याची कितीतरी चित्रे गेली. दुसरा एखादा खचून गेला असता. पण बर्नार्दोने हातातील कुंचला खाली ठेवला नाही. त्याने शहरातील एका मोठ्या चर्चचे पडके अवशेषही तितक्याच बारकाईने रंगवले.

काही वर्षांनी तो नशीब काढण्यासाठी रशियाकडे निघाला. वाटेत पोलंडची राजधानी वॉर्सा लागली. तेथील राजा स्तानिस्लाव कलेचा चाहता होता. त्याने बर्नार्दोला ठेवून घेतले. बर्नार्दोने राजवाड्यासाठी वॉर्साचे रस्ते, चौक, वाडे आणि चर्च रंगवले. त्याच्या चित्रांत घोडागाड्या आहेत आणि रस्त्यावरची साधी माणसेही आहेत. १७८० साली वॉर्सामध्येच त्याचा मृत्यू झाला.

मुलांनो, गोष्ट येथे संपत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, वॉर्साच्या लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला. त्यानंतर जर्मन सैन्याने सूड म्हणून एकेक इमारत सुरुंग लावून पाडली. युद्ध संपले तेव्हा शहराचा सुमारे ८५ टक्के भाग उद्ध्वस्त झाला होता.

लोक परत आले, तेव्हा त्यांना आपली गल्लीही ओळखता येईना. तरी त्यांनी जुने शहर पुन्हा उभारायचे ठरवले. पण ते होते तरी कसे? जुने आराखडे आणि छायाचित्रे शोधली गेली. बर्नार्दोची चित्रे सुदैवाने युद्धातून वाचली होती. त्याने काही इमारती थोड्या सजवून रंगवल्या होत्या, हे खरे. तरीही बांधकाम करणाऱ्यांना त्या चित्रांचा मोठा आधार झाला. दगडविटांचे शहर पडले होते. रंगांतले शहर उभे होते!

१९८० साली युनेस्कोने वॉर्साच्या या जुन्या भागाला जागतिक वारशाचा मान दिला. त्याच वर्षी बर्नार्दोच्या मृत्यूला २०० वर्षे झाली होती. पुन्हा बांधलेल्या राजवाड्यात आज त्याची वॉर्साची २२ चित्रे लावलेली आहेत.

ज्याचे स्वतःचे घर तोफांनी हिरावून घेतले, त्याच्या चित्रांमुळे हजारोंना आपले शहर परत मिळण्यास मदत झाली. मन लावून केलेले काम कधी कुणाच्या उपयोगी पडेल, हे सांगता येत नाही. म्हणून मुलांनो, आज वही-पेन्सिल घ्या, दारात बसा आणि तुमची गल्ली नीट पाहून कागदावर उतरवा. खिडक्या मात्र मोजायला विसरू नका!