हसतमुख संत फिलीप नेरी



आमच्यापैकी पुष्कळांच्या मनात एक समज खोलवर रुतून बसला आहे. आजारपण आले, तंगी आली, की देवाला आमची आठवण झाली असे आम्ही म्हणतो. उलट घरात सारे सुरळीत चालले असले, मुलेबाळे हसतखेळत असली, की कुठेतरी धाकधूक सुरू होते. आता काहीतरी वाईट घडणार! जणू आमचे बरे चाललेले परमेश्वराला बघवत नाही. प्रायश्चित्तकाळात मधुमेहाची गोळी घेणारी आजीसुद्धा उपास धरण्याचा हट्ट करते, आणि डॉक्टरांनी मनाई केली तर आपण देवाच्या अपराधी ठरलो म्हणून डोळ्यांना पदर लावते. स्तोत्रकर्त्याची श्रद्धा मात्र वेगळी होती. आपल्या माणसांचे कुशल पाहून परमेश्वराला आनंद होतो, अशी त्याची खात्री होती. ही खात्री उराशी बाळगून जगलेल्या संत फिलीप नेरी यांची ओळख आज आपण करून घेऊ या. दरवर्षी २६ मे रोजी त्यांचा सण येतो.

फिलीप यांचा जन्म २१ जुलै १५१५ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. वडील कागदपत्रे लिहून देण्याचे काम करीत. आई लवकर वारली. घरची स्थिती बेताचीच होती, म्हणून अठराव्या वर्षी त्यांना मोंते कासिनोच्या पायथ्याशी व्यापार करणाऱ्या एका सधन नातेवाइकाकडे पाठवण्यात आले. नातेवाइकाला मूलबाळ नव्हते. सारी इस्टेट फिलीपला मिळायची, हे जवळजवळ ठरलेले होते. फिलीपने ती नाकारली आणि काही काळातच हात हलवीत रोमची वाट धरली. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. देवाला आपले बरे झालेले आवडते याचा अर्थ तो आपली तिजोरी भरतो असा घेणारेही आजकाल पुष्कळ झाले आहेत. फिलीप यांनी तो अर्थ कधीच घेतला नाही.

रोममध्ये एका फ्लॉरेन्सकर सद्गृहस्थाच्या दोन मुलांची शिकवणी करून ते राहिले. जेवण म्हणजे पाव, पाणी आणि थोडे ऑलिव्ह. तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचा अभ्यास केला आणि एके दिवशी पुस्तके विकून पैसे गोरगरिबांत वाटून टाकले. रात्री ते संत सेबास्टियन यांच्या भुयारी दफनभूमीत प्रार्थनेला जात. १५४४ साली पेंटेकॉस्ट सणाच्या सुमारास तेथेच त्यांना पवित्र आत्म्याचा विलक्षण अनुभव आला. त्यानंतर त्यांचे हृदय जन्मभर जोरजोराने धडधडत असे. मृत्यूनंतर डॉक्टरांनी देह तपासला, तेव्हा हृदयावरील दोन बरगड्या मोडून बाहेर वळलेल्या आढळल्या.

असा अनुभव आलेला माणूस डोंगरावर जाऊन बसला असता तर कोणाला नवल वाटले नसते. फिलीप बाजारात गेले, दुकानांत आणि इस्पितळांत गेले. लोकांशी गप्पा मारीत, थट्टामस्करी करीत, आणि बोलता बोलता त्यांना देवाकडे वळवीत. १५४८ साली त्यांनी आपले धर्मगुरू पेर्सियानो रोसा यांच्यासह परमपवित्र त्रैक्याचा बंधुसंघ स्थापन केला. १५५० च्या ज्युबिली वर्षात रोमला आलेल्या गोरगरीब यात्रेकरूंचे पाय धुणे, त्यांना जेवू घालणे, झोपायला जागा देणे ही कामे संघाने केली. पण आम्हांला विशेष भावते ते दुसरेच काम. त्या काळी इस्पितळे आजाऱ्याचा ताप उतरला की त्याला घरी पाठवीत. अंगात त्राण नाही, काम होत नाही, घरात दाणा नाही. असा माणूस पुन्हा आजारी पडे आणि पुष्कळदा मरे. फिलीप यांच्या संघाने अशांना ठेवून घेतले. चांगले खाऊपिऊ घालून त्यांना पुरते धडधाकट करायचे आणि मगच निरोप द्यायचा. नुसता जीव वाचला एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. जो घरी जाईल तो आपल्या पायांनी चालत, कामाला लागण्याजोगा होऊन जावा, असा त्यांचा आग्रह होता.

२३ मे १५५१ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली. सान जिरोलामो चर्चमधील त्यांची खोली म्हणजे लोकांचे माहेरघर बनली. पहाटेपासून ते पापे ऐकत. दुपारी तरुण जमत. प्रार्थना होई, संतचरित्रे वाचली जात, गाणी होत. माळ्यावरच्या त्या प्रार्थनागृहावरूनच पुढे ओरेटरी हे नाव पडले. जोवानी अनिमुच्या या नामवंत संगीतकाराने त्यांच्यासाठी गीते रचली.

कार्निव्हलच्या दिवसांत रोम धिंगाण्यात बुडे. फिलीप यांनी तरुणांना नुसते रागे भरण्याऐवजी सात महामंदिरांची पायी यात्रा काढली. मैलोन् मैल चालायचे, वाटेत भजने गायची, मिस्सा ऐकायची, आणि मग एखाद्या बागेत बसून पाव, चीज, उकडलेले अंडे, फळे आणि थोडा द्राक्षारस यांचा फराळ करायचा. जोडीला वाद्ये असतच! हळूहळू शेकडो, पुढे हजारो लोक येऊ लागले. साहजिकच काहींच्या पोटात दुखले. १५५९ साली रोमचा कारभार पाहणाऱ्या कार्डिनलांनी फिलीप यांना बोलावून खडसावले आणि पंधरा दिवस पापे ऐकण्यास मनाई केली. फिलीप यांनी निमूटपणे आज्ञा पाळली. बंदी उठल्यावर पुन्हा यात्रा, पुन्हा गाणी.

कठोर तपाची हौस असणाऱ्यांना ते आवर घालीत. अंगाला टोचणारे केसांचे वस्त्र आतून घालण्याची परवानगी एकाने मागितली. फिलीप यांनी ती दिली, पण ते अंगरख्याच्या वरून घालायला लावले. बिचाऱ्याची गावभर थट्टा झाली! स्वतः मात्र ते जेमतेम खात. येथे आम्ही थोडे घुटमळतो. हा विरोध कसा मिटवायचा? आम्हांला वाटते, स्वतःचे पोट ते स्वतःच्या हिशेबाने चालवीत, पण दुसऱ्याच्या पोटाचा हिशेब देवाच्या आनंदावरून करीत. त्यांच्या खोलीबाहेर मुले गोंगाट करीत, चेंडू खेळत. कोणी तक्रार केली तर ते मुलांचीच बाजू घेत. १५८३ साली ते व्हाल्लिचेल्ला येथील नव्या चर्चमध्ये राहायला गेले, तरी जुन्या खोलीत राहिलेल्या मांजरीला खाऊ घालायला शिष्यांना धाडीत, आणि ती नीट जेवली का याची चौकशी करीत.

१५५७ च्या सुमारास एक वेगळीच ओढ त्यांना लागली होती. संत फ्रान्सिस झेवियर यांची पत्रे वाचून आपल्या वीसएक सोबत्यांसह हिंदुस्थानात यावे, असे त्यांना वाटू लागले. त्रे फोंताने येथील एका वयोवृद्ध मठवासी धर्मगुरूंचा सल्ला त्यांनी घेतला. तुझा हिंदुस्थान रोममध्येच आहे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले, आणि फिलीप कायमचे रोमचे झाले. १५७५ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी त्यांच्या ओरेटरी संघाला मान्यता दिली.

उतारवयात ते वारंवार अंथरुणाला खिळत आणि वैद्यांना चकवून पुन्हा उठत. २५ मे १५९५ रोजी पवित्र शरीराचा सण होता. दिवसभर त्यांनी लोकांना भेटून पापे ऐकली. मुद्रा इतकी प्रसन्न होती की, इतक्या वर्षांत तुम्ही एवढे टवटवीत दिसला नव्हता, असे वैद्यांनी सांगितले. मध्यरात्रीनंतर रक्ताची उलटी झाली. शिष्य बारोनियस यांनी मुलांना आशीर्वाद देण्याची विनंती केली. फिलीप यांनी हात उचलला आणि प्राण सोडला.

१२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद मिळाले. त्याच समारंभात संत फ्रान्सिस झेवियर हेही संत घोषित झाले. ज्या हिंदुस्थानात फिलीप यांना येता आले नाही, तेथे त्यांची ओरेटरी मात्र आली. १६८५ साली गोव्याच्या फादर जोसेफ वाझ यांनी जुन्या गोव्यातील पवित्र क्रुसाच्या चर्चपाशी जमलेल्या धर्मगुरूंच्या मंडळीत प्रवेश केला आणि तिला ओरेटरीचे रूप दिले. पुढे ते सिलोनला गेले. १६९७ साली कँडी शहरात देवीची साथ पसरली, तेव्हा घरच्यांनी टाकून दिलेल्या आजाऱ्यांना या गोमंतकीय धर्मगुरूंनी निवारा दिला, अन्नपाणी भरवले, आणि बरे होईपर्यंत त्यांच्या उशाशी बसून राहिले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.