मांडवीची साथ आणि डॉक्टर व्हिएगस

रोग्याची नाडी पाहून औषध दिलें म्हणजे वैद्याचें कर्तव्य संपलें, अशी समजूत आपल्या शहरांत अद्यापि दृढ आहे. रोगी कोणत्या खोलींत निजतो, कोणतें पाणी पितो, त्याच्या भिंतीमागें काय कुजत आहे, ही चौकशी वैद्यही करीत नाहीं आणि घरधनीही करूं देत नाहीं. ही समजूत किती घातक आहे, हें डॉक्टर अकासियो व्हिएगस यांच्या चरित्रावरून चांगलें कळून येतें.

डॉक्टरसाहेबांचा जन्म १८५६ सालीं गोव्यांतील हडफडें गांवीं झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिक्षण घेऊन त्यांनीं मुंबईसच व्यवसाय मांडला व पुढें म्युनिसिपालिटींत लोकांचे प्रतिनिधि म्हणून प्रवेश केला. बंदरालगतची मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची पेठ. खालीं पोत्यांच्या थप्प्या, वर माणसांनीं गच्च भरलेल्या चाळी व बाजूस तुंबलेलीं गटारें. सप्टेंबर १८९६ मध्यें तेथें तीव्र ताप येऊन, जांघेंत वा काखेंत गांठ उठून, माणसें पटापट मरूं लागलीं. डॉक्टरांनीं रोगी तपासले व हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग आहे, असें निर्भयपणें म्युनिसिपालिटीस कळविलें.

ही वार्ता कोणासच नको होती. प्लेगचें नांव निघतांच परदेशचीं बंदरें मुंबईच्या मालास अटकाव करणार, ही व्यापाऱ्यांस भीति. कित्येक अधिकारीही तें नांव घेण्यास कचरत होते. परंतु सरकारनें पाठविलेल्या हाफकिनसाहेबांनीं जंतु तपासले, तेव्हां निदान खरें ठरलें. त्यांनीं जानेवारी १८९७ मध्यें आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. डॉक्टर व्हिएगस यांनीं तीच पुढें हजारों लोकांस टोचली, असें सांगतात. घाण वस्त्या साफ करा, उंदीर मारा, असा त्यांचा लोकांस आग्रह असे.

सरकारनें गटारांत समुद्राचें पाणी व कार्बोलिक आम्ल सोडलें, घरांच्या झडत्या घेतल्या, रोग्यांस ओढून इस्पितळांत नेलें. लोकांनीं रोगी लपविले. निम्म्याच्या सुमारास वस्ती शहर सोडून गेली आणि तिच्याबरोबर रोगही गांवोगांव गेला. उंदरांवरील पिसवांमुळें हा रोग पसरतो, हें सिमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत दाखविलें. म्हणजे वखारींतील मेलेला उंदीर ही पहिली सूचना होती. पण ती वाचण्यास कोणासच शिकविलें नव्हतें. कायद्याचा धाक होता, समजावणी नव्हती. दोष केवळ लोकांच्या अज्ञानाकडे लावणें म्हणूनच न्याय्य नाहीं.

डॉक्टर व्हिएगस १९०६ सालीं म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले व १९३३ सालीं निवर्तले. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा उभा आहे; पण पुतळ्यास हार घालून ऋण फिटत नाहीं. वैद्यांनीं रोग्याच्या जिभेबरोबर त्याचें घर, पाणी व धंद्याची जागाही पाहावी. वखारवाल्यांनीं मेलेले उंदीर गुपचूप रस्त्यावर न फेंकतां वर्दी द्यावी. म्युनिसिपालिटीनें शिपाई पाठविण्यापूर्वीं शिक्षक पाठवावा. रोग लपविल्यानें चार दिवसांचा व्यापार कदाचित् वांचेल. पण पेठ ओस पडल्यावर तो व्यापार करणार कोणाशीं?