हॅरी वॉर्ड लिओनार्ड

हॅरी वॉर्ड लिओनार्ड (८ फेब्रुवारी, १८६१ - १८ फेब्रुवारी, १९१५) हे अमेरिकन विद्युत अभियंता, संशोधक व उद्योजक होते. विद्युत मोटरचा वेग शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत, दोन्ही दिशांना व कोणताही धक्का न बसता बदलता यावा यासाठी त्यांनी १८९१ मध्ये शोधलेली पद्धत वॉर्ड लिओनार्ड पद्धत या नावाने ओळखली जाते. खाणींतील पाळणे, पोलादाच्या लाटण गिरण्या, लिफ्ट आणि युद्धनौकांवरील तोफांचे बुरूज अशा अनेक ठिकाणी ही पद्धत सुमारे पाऊण शतक वापरात होती. आजच्या इलेक्ट्रॉनिक चल-वेग ड्राइव्हमागील मूळ विचारही बऱ्याच अंशी तोच आहे.

पूर्वायुष्य

लिओनार्ड यांचा जन्म अमेरिकेच्या ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून ते १८८३ मध्ये पदवीधर झाले. न्यू यॉर्कमध्ये थॉमस एडिसन यांचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र नुकतेच, १८८२ मध्ये, सुरू झाले होते आणि शहरोशहरी अशी केंद्रे उभारण्यासाठी तरुण अभियंत्यांची गरज होती. लिओनार्ड १८८४ मध्ये एडिसन यांच्या कामात सामील झाले. पुढे शिकागो येथे त्यांनी भागीदारीत लिओनार्ड अँड इझार्ड ही विद्युत कामांची पेढी काढली. एडिसन यांच्या उद्योगसमूहाने ती विकत घेतली आणि लिओनार्ड यांच्याकडे त्या समूहात मोठी व्यवस्थापकीय जबाबदारी आली. त्या वेळी त्यांनी वयाची तिशीही ओलांडली नव्हती.

वेगाचा प्रश्न

त्या काळात उद्योगांत मुख्यतः एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या मोटरी वापरल्या जात. ठरावीक वेगाने पंखा किंवा पंप फिरवणे त्यांना सहज जमे. परंतु जिथे वेग सतत कमी-जास्त करावा लागतो तिथे अडचण येई. आर्मेचरच्या मंडलात रोध घालून मोटरला मिळणारा विद्युत दाब कमी करणे, हा रूढ उपाय होता. या उपायात दोन दोष होते. एक तर वीज रोधात जळून उष्णतेच्या रूपाने वाया जाई. दुसरे असे की रोधातील दाबाची घट मोटरने घेतलेल्या प्रवाहावर, म्हणजेच भारावर, अवलंबून असते. त्यामुळे भार वाढताच वेग कोसळे आणि भार उतरताच मोटर धावत सुटे. माणसांनी भरलेला पाळणा खोल खाणीत सोडताना अशा मोटरवर विसंबणे धोक्याचे होते.

वॉर्ड लिओनार्ड पद्धत

एकदिश मोटरचे चुंबकीय क्षेत्र स्थिर ठेवल्यास तिचा वेग आर्मेचरला मिळणाऱ्या दाबाच्या जवळजवळ प्रमाणात असतो. म्हणून वाटेत दाब खर्ची घालण्याऐवजी हवा तेवढाच दाब निर्माण करावा, असा लिओनार्ड यांचा विचार होता. त्यासाठी त्यांनी तीन यंत्रांची योजना केली. पहिले यंत्र म्हणजे स्थिर वेगाने फिरणारी मोटर किंवा वाफेचे एंजिन. त्याच्या अक्षाला दुसरे यंत्र, म्हणजे जनित्र, जोडलेले असे. जनित्राचे आर्मेचर तिसऱ्या यंत्राच्या, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या मोटरच्या, आर्मेचरला थेट तारांनी जोडलेले असे. कार्यकारी मोटरच्या क्षेत्र-वेटोळ्याला स्वतंत्रपणे स्थिर प्रवाह दिला जाई.

या योजनेत चालकाला केवळ जनित्राच्या क्षेत्र-वेटोळ्यातील छोटा प्रवाह बदलावा लागे. तो वाढवला की जनित्राचा दाब वाढे व मोटर वेग घेई. शून्यावर आणला की मोटर थांबे. उलटा केला की ती उलट फिरू लागे. शेकडो अश्वशक्तीचे यंत्र अशा रीतीने हातातल्या एका लहानशा दांड्याने आवरता येऊ लागले. जनित्राचा दाब झटकन कमी केला तर उतरता भार मोटरलाच जनित्र बनवतो आणि ती ऊर्जा मागे पहिल्या यंत्राकडे जाते. त्यामुळे ब्रेक न झिजवता वेग आवरता येतो आणि पहिले यंत्र विद्युत मोटर असल्यास वीज पुरवठ्याच्या तारांत परतही जाते.

आक्षेप आणि प्रसार

या पद्धतीवरील मुख्य आक्षेप खर्चाचा होता. एका मोटरचे काम करण्यासाठी जवळजवळ त्याच क्षमतेची आणखी दोन यंत्रे घ्यावी लागत आणि प्रत्येक रूपांतरात थोडी ऊर्जा खर्च होई. आक्षेप निराधार नव्हता. लिओनार्ड यांचे उत्तर असे होते की हिशेब केवळ यंत्रांच्या किमतीचा करू नये. रोधात वाया जाणारी वीज आणि नियंत्रणातील सुरक्षितता यांनाही मोल आहे. अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे १८९६ मध्ये त्यांनी मोटरच्या वेगनियंत्रणावर निबंध वाचला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी व्होल्ट आणि ओहम यांना समोरासमोर उभे केले होते.

काळाने त्यांची बाजू उचलून धरली. सतत एकाच वेगाने चालणाऱ्या यंत्रांसाठी ही पद्धत महागच राहिली. मात्र वारंवार थांबणाऱ्या व उलट फिरणाऱ्या यंत्रांसाठी तिला तोड नव्हती. अमेरिकी नौदलाने तोफांचे बुरूज फिरवण्यासाठी ती स्वीकारली. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल इल्ग्नर यांनी जनित्राच्या अक्षावर जड गतिपालक चक्र बसवले. भाराचे अकस्मात झटके हे चक्र सोसत असल्याने खाणींतील पाळणे व लाटण गिरण्या यांत सुधारित पद्धत रुजली.

लिओनार्ड यांनी स्वतःच्या नावाने स्थापन केलेली वॉर्ड लिओनार्ड इलेक्ट्रिक कंपनी प्रामुख्याने ऱ्हिओस्टॅट व रोधक बनवण्यासाठी प्रसिद्ध झाली. मुख्य मंडलातील रोधाला विरोध करणाऱ्या संशोधकाचा कारखाना रोधकांवर चालावा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु त्यांचा विरोध शक्ती वाहणाऱ्या मंडलातील रोधाला होता. क्षेत्र-वेटोळ्याच्या छोट्या मंडलात रोधक लागतच असे.

मृत्यू

अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या न्यू यॉर्क येथील वार्षिक भोजनप्रसंगी १८ फेब्रुवारी १९१५ रोजी लिओनार्ड यांचे अकस्मात निधन झाले. चोपन्नावा वाढदिवस होऊन त्यांना दहाच दिवस झाले होते.

वारसा

मूळ पद्धतीत मोटरचा प्रत्यक्ष वेग मोजून तो नियंत्रकाला कळवणारे साधन नव्हते. भार वाढला की दोन्ही आर्मेचरांच्या अंतर्गत रोधामुळे वेग किंचित उतरे आणि ती उणीव चालकाचा डोळा व हात भरून काढी. पुढील अभियंत्यांनी हे काम यंत्राकडे सोपवले. मोटरच्या अक्षाला टॅकोजनित्र जोडले की ते वेगाच्या प्रमाणात दाब देते. हा दाब अपेक्षित वेगाच्या संकेताशी ताडून जो फरक येईल त्यानुसार जनित्राचे क्षेत्र आपोआप बदलता येते. यालाच प्रतिसंभरण किंवा फीडबॅक म्हणतात.

थायरिस्टर आल्यावर फिरत्या जनित्राची जागा स्थिर इलेक्ट्रॉनिक परिवर्तकाने घेतली. त्यानंतर प्रत्यावर्ती मोटरची वारंवारता व दाब एकत्र बदलणारे ड्राइव्ह प्रचारात आले. त्यांच्या साध्या प्रकारात वेग मोजला जात नाही. पंप व पंख्यांसाठी तेवढे पुरते. अधिक अचूकता हवी असल्यास सदिश नियंत्रण वापरतात. त्यात मोटरच्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारा आणि अक्षाला पीळ देणारा, असे दोन घटक गणिताने वेगळे करून स्वतंत्रपणे नियंत्रित केले जातात. क्षेत्र व आर्मेचर यांना वेगळे ठेवण्याची लिओनार्ड यांच्या मोटरमधील सोय येथे गणिताच्या रूपाने परत आलेली दिसते.

अशा ड्राइव्हमध्ये बहुधा एकात एक अशी नियंत्रणाची वलये असतात: सर्वांत आत प्रवाहाचे म्हणजे पिळाचे, त्याबाहेर वेगाचे आणि गरज असल्यास सर्वांत बाहेर स्थानाचे. वेग व स्थान कळण्यासाठी अक्षावर एन्कोडर बसवतात. तो अक्षाच्या फिरण्याबरोबर विद्युत स्पंद देतो. उष्णता, धूळ व कंप असलेल्या जागी अधिक दणकट असा रिझॉल्व्हर वापरतात. काही ड्राइव्ह केवळ दाब व प्रवाह मोजून वेगाचे अनुमान काढतात. मात्र अत्यंत मंद वेगात हे अनुमान कमी विश्वसनीय ठरते.

तीन यंत्रांचा मूळ संच आज क्वचितच आढळतो. विद्युत अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत मात्र एकदिश मोटरच्या वेगनियंत्रणाच्या प्रकरणात वॉर्ड लिओनार्ड पद्धत अजूनही शिकवली जाते.